घरातला खून: मरतं कोण, मारतं कोण आणि कधी

नाशिकच्याच एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जगात खून होणाऱ्या दर दहा माणसांत आठ पुरुष असतात, तरी कायदे सगळे बायकांच्या बाजूचे.’ सोबत बायकोनं प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला संपवल्याच्या दोन-चार बातम्यांची कात्रणं. यात खरं किती, असं ते विचारतात. त्यांचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा निकडीचा वाटतो. त्यांची चुलतबहीण काही महिन्यांपासून सिडकोत माहेरी येऊन राहिली आहे. नवरा मारतो. येत्या रविवारी सिन्नरला सासरच्यांसोबत बैठक ठरली आहे आणि ‘एकदा समजूत काढून नांदायला पाठवून द्यायची’ असं घरातल्या मोठ्यांचं चाललंय. अशा वेळी आपण काय बघायचं?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला बरीच वर्षं वकिली करते. मुलीकडून उभी राहिले आहे, सासरच्यांकडूनही राहिले आहे. तेव्हा कुणाची तरी बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही.

मेसेजमधला आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालय, म्हणजे यूएनओडीसी, जगभरातल्या खुनांचे आकडे गोळा करतं. त्यांच्या हिशेबानं २०१७ साली जगात सुमारे ४,६४,००० माणसांचा खून झाला आणि त्यांतले साधारण ८० टक्के पुरुष होते. पण हे पुरुष मेले कुठे? टोळ्यांच्या भांडणात, अमली पदार्थांच्या धंद्यात, बारबाहेर, रस्त्यावर, बंदुकीच्या गोळीनं. मारणारेही बहुतेक पुरुषच. धो-धो पावसाचं इगतपुरी आणि कोरडं सिन्नर यांच्या पावसाची सरासरी काढून ‘तालुक्यात पाणी भरपूर आहे’ असं सिन्नरकराला सांगावं, तसा हा ८० टक्क्यांचा आकडा घरातल्या खुनाच्या चर्चेत आणला जातो.

आता घराच्या उंबऱ्यावर रेघ मारा आणि आतले खून वेगळे काढा. २०१७ साली जगात सुमारे ८७,००० बायका-मुलींचा खून झाला. त्यांतल्या ५०,००० जणींना नवऱ्यानं, जोडीदारानं किंवा घरातल्याच कुणीतरी मारलं होतं. २०२४ चे आकडे पाहिले तरी चित्र तेच: ८३,००० पैकी ५०,०००, म्हणजे रोज १३७. खून झालेल्या बायकांपैकी ६० टक्के आपल्याच माणसांच्या हातून गेल्या. खून झालेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण ११ टक्के होतं. म्हणजे पुरुषाला धोका मुख्यतः घराबाहेर असतो आणि बाईला घरात. एवढ्या एका वाक्यात मेसेजचं उत्तर झालं असतं, पण त्याच्या आत अजून एक गोष्ट आहे आणि ती सहसा कुणी उलगडत नाही.

यूएनओडीसीच्या २०१७ च्या आकड्यांत जोडीदाराच्या हातून मेलेल्यांमध्ये ८२ टक्के बायका आणि १८ टक्के पुरुष होते. जोडीदार आणि इतर नातेवाईक असे सगळे एकत्र धरले की ६४ टक्के बायका आणि ३६ टक्के पुरुष. पुरुषांचा वाटा एकदम दुप्पट कसा झाला? कागद-पेन्सिल घेऊन ढोबळ हिशेब मांडा. जोडीदारानं मारलेल्या बायका ३०,०००, त्या ८२ टक्के. मग पुरुष साधारण साडेसहा हजार. घरातल्या कुणीही मारलेल्या बायका ५०,०००, त्या ६४ टक्के. मग पुरुष साधारण अठ्ठावीस हजार. म्हणजे घरात मारल्या गेलेल्या दर चार पुरुषांपैकी तिघांना मारणारी बायको नव्हतीच. ते भाऊ, मुलगा, बाप, मेहुणा, पुतण्या यांच्या हातून गेले.

आपल्या जिल्ह्यात कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, कुठूनही आलेला कागद उघडा: बांध कोरला, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवली, वाटणीत रस्त्याकडचा तुकडा कुणाला द्यायचा, सातबाऱ्यावर बहिणींची नावं का लागली. सख्खे भाऊ, चुलते-पुतणे, आणि हातात सापडेल ते, म्हणजे फावडं, कुऱ्हाड, लोखंडी पाइप. दुसरा प्रकार दारूचा. पैसे दिले नाहीत म्हणून मुलानं म्हाताऱ्या बापाच्या डोक्यात घातलं. हे पुरुषही घरातल्या खुनाचेच बळी आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी मेसेज फिरवत नाही, कारण त्यांत बायको नाही. ज्यांना पुरुषांची खरंच काळजी आहे त्यांनी इथे बघावं. मारकुट्या मुलाच्या धास्तीत जगणाऱ्या बापाला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. पण अब्रूपायी बाप येत नाहीत. ‘पोरगंच आहे’ म्हणतात.

देशादेशांत चित्र बदलतं. होंडुरास, एल साल्वादोर अशा टोळीयुद्धानं पोखरलेल्या देशांत खुनाचा एकूण आकडाच एवढा फुगला होता, आणि त्यात तरुण पुरुष एवढे, की घरातल्या बायकांचे खून त्या ढिगाखाली दिसेनासे झाले. उलट जपानमध्ये खून मुळातच फार कमी. तिथे बळींमध्ये बायका आणि पुरुष जवळजवळ निम्मे-निम्मे निघतात. रस्ते सुरक्षित झाले की बाहेरचे खून घटतात, घरातले त्या वेगानं घटत नाहीत. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर २०२३ साली आफ्रिका सगळ्यांत वर होती, दर लाख बायकांमागे २.९. आशियात ०.८ आणि युरोपात ०.६. युरोप आणि अमेरिका खंडांत घरात मारल्या गेलेल्या बायकांमागे बहुतेक वेळा नवरा किंवा जोडीदारच असतो. इतरत्र सासू-सासरे, दीर, बाप, भाऊ यांचा वाटा मोठा होतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला बापानं मारल्याचा नाशिकचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; तिथे २०२४ मध्ये फाशी रद्द होऊन वीस वर्षांची सक्तमजुरी कायम झाली. त्या मुलीची नोंद जगाच्या हिशेबात ‘नातेवाइकाकडून खून’ या रकान्यात जाते.

भारताच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी घ्यावी लागते. मेसेज लिहिणारे नेमके इथेच घसरतात. खून हा गुन्हा तुलनेसाठी भरवशाचा मानतात, कारण मारहाण लपते, मृतदेह लपत नाही. आपल्याकडे मृतदेह दिसतो, पण तो कुठल्या रकान्यात जाईल याचा नेम नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत आणि बळींमध्ये ८,१२५ बायका. यावरून ‘सत्तर टक्के पुरुष’ म्हणून मोकळं होता येतं. पण त्याच अहवालात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे वेगळ्या तक्त्यात आहेत, खुनात मिळवलेले नाहीत. पती किंवा सासरच्यांच्या छळामुळे झालेल्या आत्महत्या तिसऱ्या तक्त्यात. आणि ज्या प्रकरणात कुणी संशयच घेतला नाही, ते कुठल्याच गुन्ह्यात नाही. पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात त्याची एक ओळ असते, बस.

त्या एका ओळीत काय असतं ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. द्राक्षपट्ट्यात शेततळी आहेत. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली, कडा उतरत्या, एकदा पाय गेला की पोहणाऱ्यालाही वर येणं कठीण. ‘मोटर चालू करायला गेली, पाय घसरून पडली.’ कधी ते खरंच तसं असतं. घरात फवारणीचं औषध असतंच. ‘रागाच्या भरात औषध प्यायली.’ पूर्वी ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असायचं. गॅस आल्यावर ते वाक्य कमी झालं. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई अशी गेली तर शवविच्छेदन करावंच लागतं आणि तहसीलदार किंवा दुसऱ्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून मरणोत्तर पंचनामा होतो. आताच्या भारतीय न्याय संहितेत हुंडाबळीचं कलम ८० आहे, जुन्या दंड संहितेतलं ३०४-ब. सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, आणि मरणाच्या थोडं आधी हुंड्यावरून छळ, एवढं दाखवता आलं की न्यायालय सासरच्यांविरुद्ध गृहीत धरून पुढे जातं. आठव्या वर्षी मेलेल्या बाईला हे कवच नाही. तिचा मृत्यू खून म्हणून सिद्ध करावा लागतो, नाहीतर मारणारा बहुतेक वेळा सुटतो. सात या आकड्याला कायद्यात कारण असेल. मारणाऱ्याच्या हाताला ते कारण माहीत नसतं.

मग चार भिंतींच्या आत, रात्री, साक्षीदार नसताना खून सिद्ध होतो कसा? २००६ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलाच एक खटला आला होता. सुनेला साप चावला, असं माहेरच्यांना कळवलं होतं. शवविच्छेदनात गळा आवळल्याचं निघालं. न्यायालयानं स्पष्ट केलं की घराच्या आत, घरच्यांच्या उपस्थितीत असा मृत्यू झाला, तर काय घडलं हे सांगण्याची जबाबदारी त्या घरातल्या माणसांवर येते. गप्प बसले किंवा खोटं कारण दिलं तर तीच त्यांच्याविरुद्धची एक कडी ठरते. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १०६ होतं, नव्या साक्ष अधिनियमात १०९. पण ही कडी जोडायला आधी डॉक्टरचा कागद ‘गळा आवळून’ असं म्हणणारा लागतो.

आता गळ्याकडेच येते, कारण तुमच्या बहिणीच्या दृष्टीनं या सगळ्या लिखाणात सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. एक अशील भर वैशाखात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून समोर बसली होती. आवाज घोगरा. विचारलं तर म्हणाली, सर्दी झालीय. पाणी दिलं तर घोट गिळताना डोळे मिटले. मी तिला ‘मारलं का’ असं विचारलं नाही, ‘गळा धरला होता का’ असं विचारलं. ती म्हणाली, ‘हो, पण सोडला लगेच.’ तिच्या आधीच्या अर्जात थपडा होत्या, केस ओढणं होतं, शिव्या होत्या. गळा कुठेच नव्हता. कारण खूण नव्हती, आणि खूण नसेल तर ते मारणं नाही अशी तिची समजूत. तिच्या भावाचीही तीच. ठाण्यातल्या अंमलदाराचीही.

अमेरिकेत सॅन डिएगोला गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास झाला, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण नव्हती. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं की ज्या बाईचा गळा जोडीदारानं आधी एकदा दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर मार खाणाऱ्या बायकांच्या तुलनेत सात पटींहून जास्त. हे ‘सोडला लगेच’ म्हणजे त्यानं तिला दाखवून दिलेलं असतं की ठरवलं तर मी न सोडणंही करू शकतो. आणि आपल्याकडे? खूण नाही म्हणून डॉक्टर ‘साधी दुखापत’ लिहितात, साधी दुखापत म्हणून ठाण्यात अदखलपात्र नोंद होते, एन.सी.ची पावती हातात मिळते, आणि दोघं एकाच रिक्षातून घरी परत जातात. मला विचाराल तर या जिल्ह्यातल्या घरगुती हिंसेच्या कामातली सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे.

जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात यावर अनेक वर्षं काम केलं. अमेरिकेतल्या ११ शहरांत जोडीदारानं मारलेल्या बायकांच्या प्रकरणांची, मार खाऊनही जिवंत राहिलेल्यांशी तुलना करून त्यांच्या गटानं २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत. मारणं वाढत चाललंय का, गळा दाबला का, जीव घेण्याची धमकी दिली का, गरोदरपणात मारलं का, पाळत ठेवतो का, कुठे जायचं-कुणाशी बोलायचं हे तोच ठरवतो का, बेकार आहे का, ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ म्हणतो का. आणि गेल्या वर्षभरात ती त्याला सोडून निघाली होती का. हा प्रश्न आपल्याकडच्या समजुतीला उलटा आहे. माहेरी आली म्हणजे सुटली, असं आपण धरतो. प्रत्यक्षात हक्क गाजवणाऱ्या माणसाच्या हातून बाई निघते, तेव्हाच धोका चढतो. जो तिला ‘माझी’ समजतो त्याला ती मार खात असतानाही आपल्याजवळ आहे, एवढं पुरतं. ती गेली की ते संपतं.

पुरुषांच्या बाबतीत हे असं नाही. बायको नवऱ्याला मारते ते बहुतेक वेळा तो सोडून चालला म्हणून नाही. जगभरच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसतं की जोडीदाराला मारणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणींनी आधी वर्षानुवर्षं मार खाल्लेला असतो. इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया यांनी १९८९ मध्ये नवऱ्याला जाळलं. आधी जन्मठेप झाली, साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं लढा दिला आणि १९९२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. दहा वर्षांचा छळ आधीच्या खटल्यात नीट समोरच आला नव्हता. प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारणाऱ्या बायका नाहीत का? आहेत. त्यांना खुनाचं कलम १०३ तसंच लागतं, जन्मठेपही होते. त्यांच्या बातम्या आठवडाभर चालतात कारण तशा घटना विरळा आहेत. नवऱ्यानं बायकोला मारल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

आणि आता तो आकडा, जो त्या ग्रुपवर टाकावा असं मला वाटतं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या नोंदींप्रमाणे १९७६ साली जोडीदाराच्या हातून १,६०० बायका आणि १,३५७ पुरुष मेले. जवळजवळ बरोबरी. २००० साली बायका १,२४७ आणि पुरुष ४४०. मधल्या पंचवीस वर्षांत काय झालं? मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारागृहं निघाली, हेल्पलाइन आल्या, संरक्षणाचे आदेश मिळू लागले, घटस्फोट सोपा झाला, बायकांच्या हाती स्वतःची कमाई आली. या सोयी बायकांसाठी केल्या होत्या; त्यांनी जीव जास्त वाचवले ते पुरुषांचे. कारण बाईला दारातून बाहेर पडायची वाट मिळाली की स्वयंपाकघरातल्या सुरीकडे हात जाण्याची वेळ येत नाही. डुगन, नॅगिन आणि रोझेनफेल्ड या अभ्यासकांनी हा संबंध तपासला. त्यांना त्यात एक वाकडी गोष्टही सापडली: काही उपायांनंतर काही गटांत खून उलट वाढले होते. मदत नवऱ्याला डिवचण्यापुरती मिळाली आणि बाईला सुरक्षित ठेवण्यापुरती मिळाली नाही, तर असं होतं. एन.सी. नोंदवून एका रिक्षातून घरी पाठवणं हे त्याचंच उदाहरण.

‘कायदे बायकांच्याच बाजूचे’ या तक्रारीत तथ्य एवढंच की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली फक्त बाईच अर्ज करू शकते. मार खाणाऱ्या पुरुषाला दुखापतीची, धमकीची तक्रार करता येते, क्रूरतेवरून घटस्फोट मागता येतो. त्याच्यासाठी निवारा नाही, समुपदेशनाची सोय जवळजवळ नाही. ती असावी, असं माझं मत आहे. छळाच्या खोट्या तक्रारी होतात का? होतात, मी अशा प्रकरणांत सासरच्यांना सोडवूनही आणलं आहे. पण आपण खुनाबद्दल बोलत होतो.

आता रविवारच्या बैठकीचं. बैठकीच्या आधी बहिणीला एकटीला भेटा. तिच्या आईलाही सोबत बसवू नका, आईसमोर मुली बोलत नाहीत. ‘त्रास आहे का’ असं मोघम विचारू नका. गळा कधी धरला का, उशी तोंडावर दाबली का, जिवे मारीन म्हणाला का, माहेरी आल्यावर किती फोन केले, कॉलनीत घिरट्या घातल्या का, तिचा फोन त्याच्याकडे उघडतो का, हे एकेक विचारा. गळ्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि ते अलीकडचं असेल, तर बैठक बाजूला ठेवा आणि तिला सिव्हिल हॉस्पिटलला न्या. गळा दाबल्यानंतर मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेला इजा होऊन काही दिवसांनीही अर्धांगाचा झटका येऊ शकतो. डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा आणि आवाज बदलला का, गिळताना दुखतं का, शुद्ध हरपली होती का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, हे कागदावर लिहून घ्या. फोटो त्या दिवशी काढा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही काढा. काळं-निळं कधी कधी उशिरा उमटतं.

उत्तर ‘नाही’ असेल तरी बैठक सिन्नरला नको. सासरच्या अंगणात दहा माणसांत तिला ‘तू जाशील ना?’ असं विचारलं की ती हो म्हणते, मग ते लेखी होतं आणि पुढे कोर्टात तेच कागद समोर येतात. बैठक घ्यायचीच तर नाशिकला, पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे बायकांच्या तक्रारींसाठीच्या कक्षात, किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. बैठकीत ‘झालं गेलं विसरा’ म्हणणारे चुलते रात्री बारा वाजता सिन्नरला तिच्या दारात नसतात, हे त्यांना तोंडावर सांगायला कचरू नका. एवढं तुम्ही करू शकता, ती करू शकत नाही.

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्याला फी नाही. न्यायालय मारहाण करू नये, संपर्क करू नये असा आदेश देऊ शकतं, राहण्याचा हक्क देऊ शकतं, आणि तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देऊ शकतं. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छळाची फिर्याद, नव्या संहितेतलं कलम ८५, द्यायला सिन्नरला जायची गरज नाही. बाई जिथे आसऱ्याला आली तिथल्या हद्दीतही ती चालते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. रक्ताचं नातं असल्यानं ती माहिती तुम्हीही देऊ शकता. रात्री-अपरात्री ११२, नाहीतर १८१.

तिची आधार, पॅन, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक सासरी अडकली असतील तर ती आणायला तिला पाठवू नका. ती परत मिळावीत असा अर्ज करता येतो. मुलांची शाळा इथे बदलली असेल तर शाळेत लेखी कळवून ठेवा की आईशिवाय कुणाच्या ताब्यात द्यायची नाहीत. आणि सोमवारी तिला घेऊन सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तिचा ओळखपत्राचा एक झेरॉक्स आणि एन.सी. नोंदवली असेल तर तिची पावती, एवढं पुरे.